पाच ओव्यांचा नेम
(पिंपळनेर येथील नामसप्ताहातील निरूपण. ध्वनिमुद्रणावरून)

 

मायबाप श्रोतेहो, आज निरूपणाला बसण्याआधी मला तुमची माफी मागायची आहे. हसू नका. टाळकरी मंडळींनीही जरा टाळ खाली ठेवा, कारण यात तुम्हीही आहात.

गेल्या वर्षी याच पिंपळनेरात, याच मंडपात, काल्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडून हात वर करून घेतले होते. मी विचारलं होतं, "उद्यापासून रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय कोण वाचेल?" मंडप भरलेला. पखवाज नुकताच थांबलेला, अंगात कीर्तन चढलेलं. बघता बघता शेकडो हात वर गेले. मला काय आनंद झाला! मी म्हटलं, वा, पांझरेच्या काठी आळंदी अवतरली. आणि फेटा सोडून, गाडीत बसून, मी पुढच्या गावच्या सप्ताहाला निघून गेलो.

त्या हातांचं पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही. हात वर करायला लावणं सोपं असतं, माउली. एका दमात होतं. ते हात घरी जातात, आणि घरी गुरं असतात, धारा असतात, बाजारी असते, आजारी माणूस असतं. याचा हिशेब सांगणाऱ्याने करायचा असतो, आणि मी तो केला नव्हता.

मग होळीच्या सुमारास या भागात आलो होतो. त्या शेकडो हातांतला एक हात ज्यांचा, त्यांच्या घरी चहाला गेलो. नाव सांगत नाही. ते इथेच बसले आहेत, आणि कोण ते शोधायला माना वळवू नका. दोन एकर कांदा, थोडा मका, दोन म्हशी. शाळा सातवीपर्यंत. घरात शिरलो तर हे मागच्या दाराने बाहेर! मी आपला ओट्यावर. माऊलीने पाणी दिलं आणि तीच म्हणाली, "बाबा, त्या तुम्हाले तोंड दाखाडाले लाजतस. पोथी बांधी ठेयेल शे."

वर फळीवर पाहिलं. लाल कापडात बांधलेली पोथी. गाठ अशी आवळलेली की पुन्हा सोडायचीच नाही.

शेवटी ते आले, बसले. खूप वेळाने बोलले. सप्ताह उठल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचायला घेतलं होतं. पहिला अध्याय झाला, दुसरा झाला. बोट ओळीवर ठेवून वाचणारा माणूस, मिनिटाला तीन ओव्या. पहिल्या अध्यायाच्या 275 ओव्या, दुसऱ्याच्या 375. म्हणजे रोज दीड तास, दोन तास. तिसरा, चौथा, पाचवा ओढत ओढत केला. सहाव्या दिवशी सहावा अध्याय आला. 497 ओव्या! पावणेतीन तासांचं काम. आणि त्याच आठवड्यात शेताची लाइट रात्रीची. तुम्हाला माहीत आहे, एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्री मोटार चालू करायची, बारे द्यायचे, पहाटे घरी यायचं, धारा काढायच्या. ते पोथी घेऊन बसले आणि पोथीवरच डोकं टेकून झोपले. सकाळी उठून पाहिलं तर पान चुरगळलेलं. त्यांनी पोथी बांधली ती बांधलीच.

इथपर्यंत ठीक होतं. थकला माणूस, राहिलं वाचन. पण पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या घशाखाली चहा उतरेना. कार्तिकात बेमोसमी पाऊस झाला आणि कांद्याचं रोप सडलं. सगळं. आणि या माणसाने चार महिने मनाशी धरून ठेवलं होतं की मी देवासमोर हात वर करून संकल्प मोडला, म्हणून माझं रोप गेलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. देवळात येणं बंद केलं होतं, एकादशीला भजनाला जाणं बंद. देवाजवळ जायचं तर कोणत्या तोंडाने, असं झालेलं.

मी विचारलं, "भाऊ, शेजारच्या मळ्यातलं रोप राहिलं का?"

"नही. त्यानंबी गयं."

"त्याने कधी पोथी हातात धरली होती?"

"त्यानी? कधीच नही."

"मग त्याचं का गेलं?"

गप्प बसले. माउली, पांडुरंग हा काही पतसंस्थेचा वसुली अधिकारी नाही की हप्ता थकला म्हणून दारात येऊन रोप उपटून नेईल. पण हे त्यांच्या मनात कोणी पेरलं? मीच की! मी व्यासपीठावरून म्हटलं होतं, देवासमोर शब्द दिलात हं, मोडू नका. बोलायला किती छान वाटतं! म्हणून म्हणतो, माफी मागायची होती. मागतो.

आता जरा हिशेब करू. वारकरी माणूस हिशेबाला कच्चा नसतो. कापूस किती क्विंटल आणि भाव किती हे तो झोपेतही सांगेल. मग पोथीचाच हिशेब का नाही करायचा?

ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. प्रतीप्रतीत थोडा फरक आहे, आपण 9,033 धरू. अध्याय अठरा, पण सगळे सारखे नाहीत. पाचवा अध्याय 180 ओव्यांचा आणि अठरावा 1,810 ओव्यांचा. दहा पट! आणि मी तुम्हाला काय सांगितलं, रोज एक अध्याय. म्हणजे एके दिवशी एक भाकरी आणि एके दिवशी दहा भाकरी खा, असं सांगण्यातला प्रकार. ज्याला पाचवा अध्याय तासभर लागला, त्याला अठरावा लागणार दहा तास. कोण उरकणार? मोकळा माणूस उरकेल, संसारी नाही.

सप्ताहाचं पारायण वेगळं, बरं का. सात दिवसांत 9,033, म्हणजे दिवसाला सुमारे 1,290. (गंमत पाहा, माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ते शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा म्हणून सांगितला, त्यात गूढ काही शोधू नका.) सप्ताहात ते जमतं, कारण शेजारी शंभर वाचक असतात, एका सुरात चाललेलं असतं, स्वयंपाक पंगतीला तयार असतो, आणि सात दिवस घरच्यांनी तुम्हाला सोडलेलं असतं. ती वारी आहे. वारीच्या चालीने माणूस रोज शेतात जात नाही.

मग रोजचं माप कोणतं? पाहा, दिवसाला पंचवीस ओव्या वाचल्या तर 362 दिवसांत ज्ञानेश्वरी पुरी होते. वर्षाला एक. दहा वाचल्या तर अडीच वर्षं. पाच वाचल्या तर पाच वर्षं. पाच म्हटल्यावर कोणीतरी मागे हसलं. हसा. पण मला सांगा, ज्यांनी गेल्या वर्षी अध्यायाचा हात वर केला होता, त्यांच्यापैकी किती जणांच्या आज पाच ओव्या झाल्या? आता कोणी हसत नाही.

पाच वर्षं फार वाटतात ना? डाळिंबाची बाग लावताना दोन-तीन वर्षं फळाची वाट पाहता. मुलगा पहिलीत घालता, तो दहावी व्हायला दहा वर्षं लागतात, तेव्हा "फार वेळ लागतो, शाळा नको" म्हणता का? देवाच्या बाबतीत मात्र सगळं सातच दिवसांत पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. साक्रीवरून धुळ्याला जाता, कोर्टाच्या कामाला जाता, दवाखान्याला जाता. त्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा भावे बंदी होते. सोबत साने गुरुजी होते, आपल्या अंमळनेरच्या शाळेत शिकवलेले. कैदी मंडळींना विनोबांनी गीता सांगायला घेतली. आता तुरुंगात काय, वेळच वेळ! अठरा अध्याय अठरा दिवसांत सहज झाले असते. पण विनोबांनी काय केलं? दर रविवारी एक अध्याय. 21 फेब्रुवारीला पहिला आणि 19 जूनला अठरावा. मोजा घरी जाऊन, बरोबर अठरा रविवार भरतात. एकही रविवार चुकला नाही, आणि एका रविवारी दोन अध्याय उरकले असंही झालं नाही. साने गुरुजी ते बोलणं भराभर लिहून घेत. तेच आज 'गीता प्रवचने' म्हणून किती भाषांत घरोघर गेलंय. धुळ्याच्या भिंतीआड, आठवड्याला एक या मापाने निघालेली ती गंगा.

मी विचार करतो, त्या मधल्या सहा दिवसांत ते कैदी काय करत असतील? काम असणार, सूत असणार, आणि ऐकलेल्या अध्यायाचं रवंथ असणार. गाय चारा खाऊन आली की शांत बसते ना, तसं. आपण नुसतं चरतो, बसत नाही. एक अध्याय वाचला, पान उलटलं, दुसरा. संध्याकाळी विचारलं आज काय वाचलं, तर "सातवा वाचला". सातव्यात काय? "ते माहीत नाही, पण वाचला." माउली, हे वाचन बैलगाडी मोजल्यासारखं झालं, आत माल काय होता ते पाहिलंच नाही.

तर त्या आपल्या भाऊंकडे परत येऊ. मी विचारलं, रोज न चुकता तुमच्या हातात किती वेळ उरतो? ते म्हणाले, अर्धा तास. मी म्हटलं, दिवसाच्या पाळीचं सांगू नका, रात्रीच्या पाळीचं सांगा. सुगीतलं सांगा. घरात कोणी आजारी असेल तेव्हाचं सांगा. विचार करून म्हणाले, "मग दहा मिनिटं." हे खरं माप! आपला सगळ्यात वाईट दिवस धरून नेम बांधायचा. चांगल्या दिवशी जास्त वाचलं तर कोणी दंड करत नाही. पण नेम म्हणून जे धरायचं ते वाईट दिवशीही पेललं पाहिजे. दहा मिनिटांत पाच ओव्या, आणि खाली सार्थ प्रतीत दिलेला त्यांचा अर्थ. एवढंच.

पुढची अडचण त्यांनीच काढली. रात्रीच्या पाळीला शेतात पोथी कशी न्यायची? चिखल, पाणी, पायात चपला. बरोबर आहे, पोथी न्यायची नाही. मी म्हटलं, पोराच्या वहीत संध्याकाळी पाच ओव्या उतरवा आणि तो कागद खिशात घाला. मोटार चालू केल्यावर पाणी दांडाने शेवटच्या वाफ्याला पोहोचेपर्यंत उभंच राहायचं असतं की. बॅटरीच्या उजेडात वाचा. लिहिण्याची लाज वाटू देऊ नका. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण जपून ठेवलेलं आहे, जाऊन पाहा. ज्याला सगळं मुखोद्गत असावं, त्यानेही एकेक अक्षर बसून लिहिलं. लिहिलेली ओवी हातातून आत जाते, तिला विसरणं अवघड.

"आणि खाडा पडना तर?"

हा प्रश्न महत्त्वाचा, सगळ्यांनी ऐका. खाडा पडला तर पडला. दुसऱ्या दिवशी दहा वाचायच्या नाहीत, पाचच वाचायच्या. थकबाकी पुढे ओढली की तिसऱ्या दिवशी पंधरा होतात, चौथ्या दिवशी वीस, आणि मग सोसायटीच्या कर्जासारखं माणूस त्या रस्त्यानेच जाणं बंद करतो. पोथी आणि माणूस यांच्यात थकबाकी आली की पोथी फळीवर जाते. खाडा वहीत फक्त फुली मारून ठेवायचा. महिन्याला एकादशी दोन. त्या दिवशी फुल्या मोजायच्या. एक-दोन असतील तर नेम बरोबर आहे. आठ-दहा असतील तर समजायचं की माप मोठं झालंय, पाचाच्या तीन करा. तीन करण्यात कमीपणा नाही. चप्पल चावायला लागली तर आपण पाय कापत नाही.

मग त्यांनी विचारलं, पहिल्यापासून सुरू करू का? मी म्हटलं, नाही. जिथे पान चुरगळलंय तिथूनच. सहावा अध्याय. आणि हा अध्याय संपेपर्यंत पाप लागलं, शाप लागला, हा विषय काढायचा नाही. त्यानंतर मला फोन करायचा.

असं का सांगितलं, ते जाणत्यांच्या लक्षात आलं असेल. भाऊ ज्या अध्यायापाशी थांबले होते, त्यातच त्यांचं सगळं दुखणं लिहिलेलं होतं. सहाव्यात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. पावणेतीन तास डोळे ताणून वाचणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मग अर्जुन म्हणतो, देवा, मन वाऱ्यासारखं आहे, कसं धरू? देव म्हणतात, खरंच अवघड आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने धरता येतं. "अवघड आहे" हे देवही कबूल करतात बघा. आम्ही कीर्तनकारच तेवढे "सोपं आहे, सोपं आहे" म्हणत सुटतो.

आणि शेवटाकडे अर्जुन विचारतो तो प्रश्न! श्रद्धेने निघाला, पण वाटेत पाय घसरला, पोहोचला नाही. त्याचं काय होतं देवा? इकडचाही नाही, तिकडचाही नाही, फाटलेल्या ढगासारखा तो नाहीसाच होतो का? सांगा, पोथी लाल कापडात बांधून फळीवर टाकणाऱ्या माणसाचा हाच प्रश्न नव्हता का? आणि तो त्या प्रश्नापासून काही ओव्यांवर झोपून गेला होता.

मी त्याच दिवशी ओट्यावर बसून उत्तर सांगू शकलो असतो. निम्मं तोंडावर आलंही होतं. पण माझ्या सांगण्याने आधीच एकदा घोटाळा झाला होता. म्हटलं, आता माउलीच सांगू देत.

होळी गेली, चैत्र गेला, वैशाख गेला. मी विसरलोही होतो, खोटं कशाला बोलू. ज्येष्ठ लागला होता. रात्री साडेअकराला फोन. मी दचकून उठलो, एवढ्या रात्री फोन म्हणजे कोण गेलं! मागे मोटारीचा आवाज, पाण्याचा आवाज. भाऊ बोलत होते. शेताच्या बांधावरून. आवाज भरलेला.

"बाबा, तो बुडत नही. देव सांगस, चांगलं करनारा कोनीच दुर्गतीले जात नही. हाई याच अध्यायमा व्हतं?"

मी म्हटलं, "याच अध्यायात होतं, भाऊ."

"मंग तुम्ही मले होळीलेच का नही सांगं?"

मी काय सांगणार? गप्प राहिलो. तेही गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "पानी शेवटना वाफामा गयं. ठेवस," आणि फोन ठेवला.

आज सकाळी मंडपात शिरताना त्यांनी मला वही दाखवली. होळीपासून आजपर्यंत साडेपाच महिने, 165 दिवस. फुल्या पंधरा. 150 दिवसांच्या 750 ओव्या. सहावा अध्याय झाला, सातव्याच्या 210 झाल्या, आठव्यात 43व्या ओवीपाशी दोरा घातलाय. पोराच्या हस्ताक्षरात मधे मधे चार-चार दिवस लिहिलेले आहेत, कारण भाऊंचा हात तेव्हा दुखत होता. पोरगा सातवीत आहे. त्याच्याही दहा-वीस ओव्या पाठ झाल्यात, कोणी सांगितलेलं नसताना.

ज्या माउल्यांना वाचता येत नाही, त्यांनी मान खाली घालू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांच्या ओठावर आलेलं त्यांच्या लेकाने, घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्यापाशी आहे. तुमचं माप ऐकण्याचं. नातीला म्हणा, तुझा अभ्यास झाला की मला पाच ओव्या वाचून दाखव. नात अडखळेल, चुकीचं वाचेल. चालतं. एक मात्र करा, ती कंटाळली तर दोनच ऐका, पण तिला रागावू नका. रागावलात की उद्या ती येणार नाही.

तरुण मंडळी मला विचारतात, मोबाइलवर वाचलं तर चालतं का? चालतं, बाळांनो. फक्त तिसऱ्या ओवीला मित्राचा मेसेज आला तर तो पाचवी ओवी होईपर्यंत थांबेल का, ते पाहा. थांबत नसेल तर भाऊंसारखा कागद बरा. कागदाला रेंज लागत नाही.

नवीन धरणाऱ्यांनी बाराव्या अध्यायापासून धरलं तरी हरकत नाही. भक्तियोग. 247 ओव्या. रोज पाच म्हटल्या तर पन्नास दिवस, खाडे धरून दोन महिने. दिवाळीच्या पुढेमागे एक अध्याय पुरा झालेला असेल, अर्थासकट. ज्यांचा हरिपाठ रोज चालतो त्यांनी तो सोडून हे धरू नये. हरिपाठ चालू द्या, त्याच्या शेवटी दोन ओव्या जोडा, बस. चालत्या गाडीचं चाक काढून दुसऱ्या गाडीला लावायचं नसतं.

आता काल्याची वेळ उद्याची आहे आणि रीतीप्रमाणे मी तुमच्याकडून काहीतरी कबूल करून घ्यायला हवं. कमिटीच्या मंडळींनीही सकाळी आठवण केली, "महाराज, संकल्प घ्या." यंदा कोणीही हात वर करायचा नाही. अहो, खाली घ्या तो हात! बाबा, तुम्हीसुद्धा. घरी जा. उद्या नाही, परवा बसा. आपला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा, रात्रीची लाइट, सुगी, पाहुणे. त्या दिवशी किती ओव्या होतील तो आकडा पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. मला सांगू नका, शेजाऱ्याला तर मुळीच सांगू नका, नाहीतर उद्या त्याच्या दहा आणि तुमच्या पंधरा, अशी चढाओढ सुरू होईल. आकडा तुमचा आणि माउलीचा.

पुढच्या वर्षी पांडुरंगाने आणलं तर येईन. कोणाच्या घरी चहाला आलो आणि फळीवर लाल कापडाची गाठ दिसली, तर मागच्या दाराने जाऊ नका. बसा माझ्याशेजारी, गाठ आपण दोघं मिळून सोडू.

घ्या, टाळ उचला. विठ्ठल विठ्ठल.